काल्पनिक देशातला डावा पक्ष : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कथा, नाटक किंवा खेळासाठी स्वतःचा देश रचणारे लोक हे प्रश्न सतत पाठवतात. नकाशा तयार असतो, राजधानीचं नाव ठरलेलं असतं, नाण्यावर कोणाचा मुखवटा तेही ठरलेलं असतं. मग राजकारणाची पाळी येते आणि तिथे 'क्रांतिकारी पक्ष' नावाचा एक ठोकळा ठेवून मंडळी पुढे सरकतात. त्या ठोकळ्यात जीव कसा घालायचा, याची ही उत्तरं. उदाहरणं मुद्दाम खऱ्या देशांची घेतली आहेत, कारण डाव्या पक्षांनी प्रत्यक्षात जे उद्योग करून ठेवलेत ते बसल्या जागी सुचणं कठीण.

१. 'डावा' म्हणजे नक्की काय? माझ्या देशात हा शब्द वापरू का?

१७८९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार असावा का, यावर वाद पेटला. राजाच्या बाजूचे लोक अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसू लागले आणि विरोधातले डाव्या हाताला. बसण्याच्या सोयीतून शब्द जन्मला, आणि जगभर गेला.

तुमच्या देशात अशी सभा कधी भरलीच नसेल, तर हा शब्द तिथे कसा पोचला ते आधी ठरवा. आइसलँडच्या संसदेत सदस्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरतात, स्वीडनमध्ये मतदारसंघांनुसार. अशा सभागृहात 'डावीकडचे' या शब्दाला दिशाच नाही. मग लोक त्यांना 'लाल' म्हणतील, 'खाणवाले' म्हणतील, 'पुलाखालचे' म्हणतील. असं एखादं टोपणनाव दोन पानांच्या इतिहासापेक्षा जास्त काम करतं.

आशयाचं म्हणाल तर किमान अट एवढीच: संपत्ती आणि अधिकार मूठभरांकडे असणं ही माणसांनी लावलेली व्यवस्था आहे आणि माणसांना ती बदलता येते, असं पक्षाने मानलं पाहिजे. किती वेगाने बदलायची, कोणी बदलायची आणि बदलताना कोणाला दुखवायचं, इथून पुढे भांडणं सुरू होतात (प्रश्न ८).

२. पक्षाचं नाव काय ठेवू? सगळी नावं सारखीच वाटतात.

नावावरून पक्षाचा जन्मकाळ कळला पाहिजे. एकोणिसाव्या शतकातला पक्ष असेल तर 'सामाजिक लोकशाही' किंवा 'मजूर'. १९१९ नंतरचा आणि मॉस्कोकडे बघणारा असेल तर 'कम्युनिस्ट'. १९९१ नंतरचे पक्ष 'वाद' हा प्रत्ययच टाळतात. २०१४ मध्ये स्पेनमध्ये निघालेल्या पोदेमोस या पक्षाच्या नावाचा अर्थ नुसता 'आपल्याला जमेल' असा आहे.

त्यामुळे जुन्या पक्षाने मध्येच नाव बदललेलं असू द्या. इटलीच्या कम्युनिस्ट पक्षाने १९९१ मध्ये नाव बदललं, तेव्हा जुनं नाव सोडायला तयार नसलेल्यांनी वेगळा संसार थाटला. एका पाटीवरून घर फुटतं.

नाव फसवं असलं तरी बिघडत नाही. पोर्तुगालचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष मध्य-उजवा आहे. डेन्मार्कमध्ये 'व्हेन्स्त्रे', म्हणजे शब्दशः 'डावा', नावाचा पक्ष उजवीकडे बसतो, कारण तो स्थापन झाला त्या काळात राजनिष्ठ जमीनदारांच्या तुलनेत तो डावा होता. पुढे त्याच्या डावीकडे बरीच गर्दी झाली, पाटी तीच राहिली.

३. झेंडा लालच हवा का?

हवाच असं नाही, पण दुसरा रंग निवडलात तर कारण द्या. अमेरिकेत २००० सालच्या निवडणुकीपासून दूरचित्रवाणीच्या नकाशांवर लाल रंग रिपब्लिकनांना, म्हणजे तिथल्या उजव्या पक्षाला, चिकटला आहे, तेव्हा रंगाला स्वतःचा असा विचार नसतो.

चिन्हाकडे जास्त लक्ष द्या. विळा आणि हातोडा म्हणजे शेतकरी आणि कामगार. मासेमारीवर जगणाऱ्या देशात विळा कशाला? तिथे जाळं घ्या, वल्हं घ्या. आणि फूट पडली की चिन्हही फुटतं. भारतात कम्युनिस्ट पक्षाचं चिन्ह कणीस आणि विळा. १९६४ मध्ये वेगळ्या झालेल्या मार्क्सवाद्यांचं विळा, हातोडा आणि तारा. मतपत्रिकेवर दोन्ही शेजारी आली तर मतदाराला फरक दिसायला नको?

४. माझ्या देशात कारखानेच नाहीत. मग डावा पक्ष उगवेल कसा?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि त्यामागचा समज चुकीचा आहे. डाव्या पक्षाला चिमणी आणि भोंगा लागतोच असं नाही.

फिनलंड घ्या. १९०७ मध्ये स्त्री-पुरुष सगळ्यांना मताधिकार मिळून पहिली निवडणूक झाली. देश शेतीवर आणि जंगलावर जगणारा. तरीही सोशल डेमोक्रॅट पक्षाला २०० पैकी ८० जागा मिळाल्या, आणि १९१६ मध्ये १०३, म्हणजे स्पष्ट बहुमत. कारखान्यांतल्या कामगारांवर एवढ्या जागा येणं शक्य नव्हतं. पक्षाच्या मागे भूमिहीन मजूर होते आणि तोरप्पारी होते, म्हणजे मालकाच्या जमिनीचा तुकडा कसणारी आणि त्याच्या बदल्यात मालकाच्या शेतावर ठरावीक दिवस राबणारी कुळं. मालकाने मनात आणलं तर कूळ बेघर. त्या धाकातून पक्ष उगवला.

गयानात उसाच्या मळ्यांवरचे मजूर होते. केरळात १९५७ मध्ये कम्युनिस्ट निवडून आले ते जमिनीच्या प्रश्नावर. आणि दुसरं टोक बघायचं असेल तर ऑस्ट्रियातलं ग्राझ. सुखवस्तू शहर, पण २०२१ च्या महापालिका निवडणुकीत कम्युनिस्ट पक्ष पहिल्या क्रमांकावर आला आणि एल्के कार महापौर झाल्या. कशाच्या जोरावर? घरभाडं. भाडेकरूंना सल्ला देण्याचं काम पक्षाने तिथे वर्षानुवर्षं चिकाटीने केलं होतं.

म्हणून तुमच्या देशाबद्दल एकच गोष्ट शोधा: तिथल्या माणसाला जगण्यासाठी दुसऱ्याच्या मालकीची कोणती गोष्ट वापरावी लागते? जमीन, खोली, होडी, विहीर. त्या गोष्टीच्या दाराशी पक्षाची पहिली शाखा उघडा.

५. पक्षाला पैसा कुठून मिळतो? हे लिहायची खरंच गरज आहे का?

आहे. किंबहुना पक्ष लिहायला घेताना मी इथूनच सुरुवात करीन. जो पैसा देतो त्याच्यापुढे नेता गप्प बसतो, आणि नेता कोणापुढे गप्प बसतो हे कळलं की गोष्ट सुरू होते.

ब्रिटनचा मजूर पक्ष १९०० मध्ये 'मजूर प्रतिनिधित्व समिती' म्हणून सुरू झाला तो कामगार संघटनांच्या पैशावर. खासदारांना तेव्हा पगार नव्हता. खाणीतून उठून संसदेत गेलेल्या माणसाचं घर संघटनेच्या निधीवर चाले. १९०९ मध्ये सर्वोच्च न्यायपीठाने निकाल दिला की संघटनांना असा राजकीय निधी गोळा करता येणार नाही. एका सभासदाने आपल्याच संघटनेविरुद्ध लावलेला दावा होता तो! पक्षाच्या मुळावरच घाव. खासदारांना सरकारी पगार १९११ मध्ये सुरू झाला आणि संघटनांना राजकीय निधीची मुभा १९१३ च्या कायद्याने परत मिळाली, पण ज्याला द्यायचा नसेल त्याला नकार देण्याची सोय ठेवून. यातल्या प्रत्येक वाक्यात एकेक प्रकरण दडलेलं आहे.

जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅट पक्षाने वेगळी वाट धरली. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर त्याचे दहा लाखांहून जास्त वर्गणीदार सभासद होते, स्वतःची दैनिकं, छापखाने, गायनमंडळं, सायकल मंडळं होती. माणूस पक्षाच्या पाळण्यातून पक्षाच्या अंत्ययात्रेपर्यंत जाऊ शकत होता. असा पक्ष श्रीमंत होतो आणि मग त्याला एक नवी भीती लागते: इमारत जप्त झाली तर? ही भीती पक्षाच्या धोरणात कुठे कुठे झिरपते ते पाहा.

ग्राझचे कम्युनिस्ट लोकप्रतिनिधी आपल्या पगारातला मोठा हिस्सा गरजूंसाठी सोडतात आणि त्याचा हिशेब जाहीर करतात. असा नियम तुमच्या पक्षात असेल तर एक पात्र असं हवं ज्याच्या बायकोला तो नियम अजिबात पसंत नाही.

आणि कृपा करून खजिनदाराला पात्र म्हणून जागा द्या. नेत्यावर सगळेच लिहितात. शाखेचं पावतीपुस्तक सांभाळणारा, तीन महिने वर्गणी थकलेल्या जुन्या कार्यकर्त्याच्या दाराशी जाऊन कडी न वाजवता परत फिरणारा माणूस क्वचितच वाचायला मिळतो.

६. अध्यक्ष मोठा की सरचिटणीस? शाखा, समिती, पॉलिटब्युरो यांचा गोंधळ होतो.

साधारण उतरंड अशी: खाली वस्तीतली किंवा कामाच्या जागेची शाखा, वर जिल्हा, काही वर्षांनी भरणारं अधिवेशन, जे कागदोपत्री सर्वोच्च असतं, अधिवेशन निवडतं ती केंद्रीय समिती, आणि समितीच्या वतीने रोजचा कारभार पाहणारं छोटं मंडळ, म्हणजे पॉलिटब्युरो.

कम्युनिस्ट परंपरेत सरचिटणीस मोठा. एप्रिल १९२२ मध्ये स्टालिनकडे हे पद आलं तेव्हा ते कारकुनी वाटत होतं: नेमणुका, बदल्या, बैठकांची कामं. पण कोणाला कुठे पाठवायचं हे ज्याच्या हातात, अधिवेशनाला कोण येणार हेही त्याच्याच हातात. भाषणबाज नेत्यांना हे उशिरा कळलं. संसदीय परंपरेच्या पक्षात मात्र संसदेतला गटनेता भारी पडतो आणि पक्षाचं कार्यालय कुरकुर करत राहतं.

'लोकशाही केंद्रवाद' हा शब्दही ठाऊक असू द्या: निर्णय होईपर्यंत वाद घाला, झाल्यावर सगळ्यांनी एकमुखाने तो पाळा. कागदावर सुरेख आहे. नाट्य कुठे आहे ते प्रश्न ८ मध्ये, १९१४ च्या प्रसंगात.

७. जाहीरनाम्यात काय लिहू?

दोन भाग करा. जर्मन पक्षाचा १८९१ चा एर्फुर्ट कार्यक्रम असाच होता. पहिल्या भागात इतिहास कुठे चालला आहे, भांडवलशाही कशी कोसळणार वगैरे. दुसऱ्यात सर्वांना मताधिकार, आठ तासांचा दिवस, बालमजुरीवर बंदी अशा आज मागता येतील अशा मागण्या. पहिला भाग सभेत वाचायचा, दुसरा विधिमंडळात. वर्षं जातात तसा पहिला भाग धूळ खात पडतो, पण काढायची छाती कोणाची होत नाही. ब्रिटिश मजूर पक्षाच्या घटनेतलं सामूहिक मालकीचं कलम चार १९१८ चं. ते १९९५ मध्ये बदललं गेलं. मधल्या काळात मजूर पक्षाची कितीतरी सरकारं आली आणि गेली.

तुमच्या पक्षाच्या सभासदपत्रिकेमागेही असं एक न पाळलेलं वाक्य छापलेलं असू द्या.

८. डावे पक्ष सारखे का फुटतात? आणि फूट कशी लिहायची?

विनोद करायला हा विषय सोपा आहे, म्हणून बहुतेक जण विनोदावर थांबतात. दोन माणसं, तीन गट. पण फूट हेच पक्षाचं खरं चरित्र असतं. पक्ष काय मानतो ते जाहीरनाम्यात कळत नाही. कशावरून माणसं उठून गेली, त्यावरून कळतं.

वरवर क्षुल्लक कारणापासून सुरुवात करा. १९०३ मध्ये रशियन सोशल डेमोक्रॅटांचं अधिवेशन ब्रसेल्सला सुरू झालं आणि पोलिसांच्या त्रासामुळे लंडनला हलवावं लागलं. वाद होता सभासद कोणाला म्हणावं या एका कलमावर. लेनिनचं म्हणणं, जो पक्षाच्या एखाद्या संघटनेत स्वतः काम करतो तोच सभासद. मार्तोवचं म्हणणं, संघटनेच्या देखरेखीखाली नियमित मदत करणाराही चालेल. मतदानात लेनिन हरला! पुढे काही प्रतिनिधी दुसऱ्याच कारणांवरून निघून गेले, आकडे फिरले आणि लेनिनचा गट 'बहुमतवाला', म्हणजे बोल्शेविक झाला. प्रतिपक्षाने 'अल्पमतवाला' हे नाव अंगाला चिकटू दिलं आणि तेच घेऊन वावरला. इतकी मोठी राजकीय चूक इतक्या निमूटपणे केलेली मला दुसरी माहीत नाही.

मग युद्ध. ३ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मन सोशल डेमोक्रॅट खासदारांच्या बंद दाराआडच्या बैठकीत युद्धखर्चाला पाठिंबा द्यायचा की नाही यावर मतदान झालं: ७८ विरुद्ध १४. विरोधात असणाऱ्यांत पक्षाचे एक अध्यक्ष ह्यूगो हासे होते. दुसऱ्या दिवशी सभागृहात पाठिंब्याचं निवेदन वाचायचं काम त्यांच्याच वाट्याला आलं, आणि त्यांनी ते वाचलं. कार्ल लीबक्नेख्टही विरोधात होता. त्यानेही त्या दिवशी शिस्त म्हणून हात वर केला. २ डिसेंबरला पुन्हा मतदान आलं, तेव्हा तो एकटा विरोधात उभा राहिला. त्या चार महिन्यांत त्याच्या मनात काय चाललं असेल? ज्याला डाव्या पक्षावर कादंबरी लिहायची आहे, त्याने हा प्रश्न उशाशी घेऊन झोपावं. १९१७ मध्ये पक्ष फुटला, आणि फुटून निघालेल्यांचे नेते हासेच होते.

मग वाटणी. फूट म्हणजे मालमत्तेचा दावा असतो, हे लेखक विसरतात. डिसेंबर १९२० मध्ये तूर शहरात फ्रेंच समाजवाद्यांचं अधिवेशन भरलं. मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रवेशासाठी २१ अटी घातल्या होत्या. बहुमत तिकडे गेलं आणि 'ल्युमानिते' हे दैनिकही सोबत गेलं, जे झाँ जोरेस यांनी १९०४ मध्ये काढलं होतं. अल्पमतातले लिओं ब्लूम म्हणाले, आम्ही जुनं घर सांभाळतो. महिन्याभराने इटलीत, लिव्होर्नोमध्ये, उलट झालं: तिथे कम्युनिस्ट अल्पमतात होते. ते एका नाट्यगृहातून उठले, रस्त्यातून चालत दुसऱ्या नाट्यगृहात गेले आणि तिथे नवा पक्ष स्थापन केला. दोन नाट्यगृहांमधला तो रस्ता मला फार आवडतो. कोणी मध्येच थांबलं असेल का? कोणी टोपी विसरली म्हणून परत गेलं असेल का?

फूट लिहिताना एवढं ठरवा: वाद कशावर होता असं सांगितलं गेलं; तो खरा कशावर होता; इमारतीची किल्ली, वर्तमानपत्र आणि सभासदांची यादी कोणाकडे गेली. आणि एका घरातली दोन माणसं दोन बाजूंना जाऊ द्या.

एक अपवाद. काही आघाड्या फुटत नाहीत. उरुग्वेची 'फ्रेंते आम्प्लिओ', म्हणजे विस्तृत आघाडी, १९७१ मध्ये कम्युनिस्ट, समाजवादी, ख्रिस्ती लोकशाहीवादी अशा नाना मंडळींनी केली. हुकूमशाहीत तिच्यावर बंदी आली, तरी ती टिकली आणि २००४ मध्ये जिंकली. तिच्या आतले गट आपापली यादी आणि आपापली ओळख ठेवून भांडू शकतात. घराला दारं बरीच असली की भिंत फोडावी लागत नाही.

९. निवडणुकीची पद्धत ठरवणं कंटाळवाणं वाटतं. टाळू का?

टाळू नका, कथानक तिथेच फुकट मिळतं. ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी, अशी पद्धत असेल तर देशभर विखुरलेली १२ टक्के मतं म्हणजे जवळजवळ शून्य जागा, आणि एका खाणपट्ट्यात एकवटलेली ४ टक्के मतं म्हणजे डझनभर आमदार. मतांच्या प्रमाणात जागा देणारी प्रमाणशीर पद्धत असेल तर उंबरठा, म्हणजे जागा मिळायला लागणारी किमान मतं, ठरवा: डेन्मार्कमध्ये २ टक्के, जर्मनीत ५, तुर्कस्तानात पूर्वी १० आणि २०२२ पासून ७.

उंबरठ्याला पळवाट असेल तर आणखी मजा. जर्मनीत २०२१ मध्ये 'दी लिंके' या डाव्या पक्षाला ४.९ टक्के मतं मिळाली, म्हणजे बाहेरच. पण तीन मतदारसंघ थेट जिंकल्यास उंबरठा माफ, असा नियम होता. त्यांनी बरोबर तीन जिंकले आणि ३९ खासदार आत आले. त्यांच्याच पूर्वावताराने २००२ मध्ये दोनच जिंकले होते, तेव्हा ते दोघंच आत बसले.

१०. माझा पक्ष निवडणूक जिंकतो. पुढे काय होतं?

पहिल्यांदा विचारा, किती मतांनी. चिलीत १९७० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत समाजवादी नेते साल्व्हादोर आयेंदे ३६.६ टक्के मतांवर पहिले आले; बहुमत नसल्याने अंतिम निवड संसदेने केली. म्हणजे राष्ट्राध्यक्ष त्यांचा, संसद दुसऱ्यांची, सैन्य आणखी कोणाचं. तरीही ११ जुलै १९७१ रोजी तांब्याच्या खाणींच्या राष्ट्रीयीकरणाची घटनादुरुस्ती संसदेने एकमताने मंजूर केली. विरोधकांनीही हात वर केले, कारण परदेशी कंपन्यांकडून तांबं परत घ्यायला कोणाचाच विरोध नव्हता. ११ सप्टेंबर १९७३ ला सैन्याने उठाव केला आणि आयेंदे राष्ट्राध्यक्ष भवनात मृत्यू पावले. एकमताचा दिवस आणि बंडाचा दिवस यांत सव्वादोन वर्षं. त्या काळात तुटवडा, वाहतूकदारांचा संप, वॉशिंग्टनचा दबाव आणि सरकारच्या आतच 'वेगाने चला' आणि 'जरा दमानं' यांची ओढाताण.

सगळ्या विजयांचा शेवट असा होत नाही. स्वीडनमध्ये १९३३ मध्ये अल्पमतातल्या सोशल डेमोक्रॅट सरकारने शेतकऱ्यांच्या पक्षाशी एक व्यवहार केला: आम्ही लोण्यासारख्या मालाच्या भावाला संरक्षण देतो, तुम्ही बेकारांसाठीच्या कामांना मतं द्या. शहरातल्या कामगाराला लोणी महाग पडणार होतं, तरी तो सौदा झाला. स्वीडिश लोक त्याला 'गाईंचा सौदा' म्हणतात. त्या सौद्याच्या पायावर पक्ष १९७६ पर्यंत, मधले सुमारे तीन महिने सोडता, सत्तेत राहिला. कल्याणकारी राज्याची सुरुवात लोण्याच्या भावापासून होते, हे कोणत्या लेखकाला सुचलं असतं?

११. राजेशाहीत डावा पक्ष सरकार चालवू शकतो का?

खुशाल. नेपाळमध्ये नोव्हेंबर १९९४ मध्ये मनमोहन अधिकारी कम्युनिस्ट पंतप्रधान झाले तेव्हा सिंहासनावर राजा होता. स्वीडिश पक्षाच्या कार्यक्रमात प्रजासत्ताकाची मागणी होती, पण इतकी वर्षं सत्ता असून राजाला कोणी हलवलं नाही. १९७४ च्या घटनेने त्याचे अधिकार तेवढे काढून घेतले. शपथविधीला वाकायचं की नाही, यावर तुमच्या मंत्रिमंडळाची एक रात्र सहज जाईल.

१२. पक्ष नास्तिक असायलाच हवा का?

नाही. निकाराग्वात १९७९ च्या क्रांतीनंतर एर्नेस्तो कार्देनाल हे कवी आणि कॅथलिक धर्मगुरू सांस्कृतिक मंत्री झाले. १९८३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे मानाग्वाच्या विमानतळावर उतरले, कार्देनाल गुडघ्यावर बसले आणि पोपनी बोट उगारून त्यांना जाहीर समज दिली. एका चौकटीत पक्ष, चर्च, क्रांती आणि एक म्हातारा होत चाललेला कवी.

१३. पक्षावर बंदी आहे. तरी तो निवडणूक लढवेल असं दाखवलं तर वाचक हसतील का?

हसले तर त्यांना जर्मनी दाखवा. १८७८ ते १८९० तिथे समाजवाद्यांविरुद्धचा कायदा होता: संघटना बेकायदा, सभा बेकायदा, वर्तमानपत्रं बेकायदा. पण व्यक्ती म्हणून उमेदवारी कायदेशीर होती. त्यामुळे पक्ष अस्तित्वात नव्हता आणि त्याचे खासदार संसदेत बसत होते. वर्तमानपत्र स्वित्झर्लंडमध्ये छापून चोरवाटांनी आणलं जाई. त्या यंत्रणेला 'लाल टपाल' म्हणत. १८९० मध्ये जवळजवळ एक पंचमांश मतं घेऊन हा नसलेला पक्ष मतांच्या हिशेबात पहिला आला.

१४. माझा डावा पक्ष उजव्यांशी आघाडी करतो. हे पटण्यासारखं आहे का?

गरज समान असेल तर पटतं. ग्रीसमध्ये जानेवारी २०१५ मध्ये सिरिझा या डाव्या पक्षाला ३०० पैकी १४९ जागा मिळाल्या, बहुमताला दोन कमी. त्यांनी हात मिळवला तो एका छोट्या उजव्या राष्ट्रवादी पक्षाशी, कारण कर्जदात्यांच्या अटींना दोघांचाही विरोध होता. बाकी कशावर एकमत नव्हतं. जुलैच्या सार्वमतात ६१ टक्के लोकांनी अटींना नकार दिला आणि काही दिवसांत सरकारने नवा करार मान्य केला. पक्ष फुटला, बाहेर पडलेल्यांना सप्टेंबरच्या निवडणुकीत ३ टक्क्यांचा उंबरठाही ओलांडता आला नाही.

उलट प्रश्नही येतो: समोरून आलेली सत्ता डावा पक्ष नाकारेल का? १९९६ मध्ये ज्योती बसूंना भारताचं पंतप्रधानपद देऊ केलं गेलं आणि त्यांच्याच पक्षाच्या केंद्रीय समितीने नको म्हटलं. बसूंनी निर्णय पाळला, आणि नंतर त्याला 'ऐतिहासिक घोडचूक' म्हटलं. शिस्त पाळायची आणि मत लपवायचं नाही, हे दोन्ही करणारं पात्र हवं असेल तर हा नमुना (हासेंशी ताडून पाहा, प्रश्न ८).

१५. कार्यकर्ते एकमेकांशी कसे बोलतात? सगळे घोषणाच देतात असं होतंय.

घोषणा बाहेर; आत वेळापत्रक. खुर्च्या कोणी आणायच्या, पत्रकं ओली झाली, मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचा, विषय क्रमांक चार पुढे ढकला. विचारांवरचं भांडण बहुतेकदा विषय क्रमांक चारच्या आडून येतं. 'कॉम्रेड' या शब्दाचं मूळ स्पॅनिशमधल्या 'एका खोलीत राहणारा' या अर्थाच्या शब्दात आहे, हे लक्षात ठेवलंत तर संबोधनाचा सूर आपोआप सापडेल: आदर कमी, सलगी जास्त, आणि न धुतलेल्या कपबशीवरून धुसफूस.

१६. देश फार चिमुकला आहे. तिथे एवढं सगळं घडेल का?

सान मारिनो चारही बाजूंनी इटलीने वेढलेला आहे. १९४५ मध्ये तिथे कम्युनिस्ट आणि समाजवादी यांचं सरकार मतदानाने निवडून आलं. विधिमंडळात साठ जागा. देशाचे दोन प्रमुख, आणि ते दर सहा महिन्यांनी बदलतात. १९५७ मध्ये सत्ताधारी बाजूचे काही सदस्य विरोधकांना मिळाले आणि बहुमत हललं. डाव्यांनी आपल्या सदस्यांकडून तारीख न घातलेले राजीनामे आधीच सही करून घेतले होते. ते त्यांनी बाहेर काढले आणि सभागृहच संपलं असं जाहीर केलं. विरोधकांनी रोव्हेरेता गावात, सरहद्दीला लागून असलेल्या एका कारखान्याच्या इमारतीत आपलं हंगामी सरकार मांडलं. इटलीने त्यांना मान्यता दिली आणि सरहद्दीवर पोलीस आणून उभे केले. काही दिवस एका डोंगराएवढ्या देशात दोन सरकारं होती. ऑक्टोबरमध्ये डाव्यांनी सत्ता सोडली.

१९७८ मध्ये ते पुन्हा सरकारात आले.